भात्यातलं भोक

१९ जानेवारी १९३५

गड्ड्याची यात्रा उठत आली. पाळणेवाले बांबू सोडायला लागले आहेत. यात्रेत मी काढलेल्या सगळ्या फोटोंवर उजव्या बाजूला पांढरं धुकं आलं आहे. एकावर असतं तर नशीब म्हटलं असतं. सगळ्यांवर आहे आणि एकाच जागी आहे.

कुंभारीचे दोघे भाऊ, त्यांतला एक पैलवान, फेटे बांधून हौसेने उभे राहिले होते. पैलवान भाऊ उजवीकडे होता. आज ते फोटो न्यायला आले. पैलवान बराच वेळ फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यो मीच व्हय?" मी म्हणालो, पुन्हा काढून देतो. ते म्हणाले, "आता कवा येनं हुतंय." आणि निघून गेले.

गिरणीतले विणाईमास्तर विलायतेला परत गेले तेव्हा त्यांच्या सामानातून हा कॅमेरा मी घेतला. मिटला की पोथीएवढा होतो, उघडला की पुढचा भाग रुळावरून बाहेर येतो आणि मध्ये कातड्याचा काळा भाता ताणला जातो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. एवढा आवडला की गिरणीच्या माल खात्यातली नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत फोटोचं दुकान मांडलं. तेव्हापासून आईच्या, अव्वाच्या, भाकऱ्या थापण्याचा आवाज जास्त यायला लागला.

नोकरी सोडायला घाई झाली का, हा विचार आज पहिल्यांदा आला. लिहून ठेवतो.

२५ जानेवारी

कॅमेऱ्याच्या पाठीला फिल्मचा आकडा बघण्यासाठी लाल काच असते. तिला बारीक तडा होता. मला वाटलं, चोर सापडला. काळा कागद चिकटवला आणि अव्वाला दारात बसवून फोटो काढला.

धुकं जिथल्या तिथे.

अव्वाने फोटो हातात घेऊन विचारलं, "माझं अर्धं तोंड कुटं गेलं रे?"

मी सांगितलं, कुठून तरी उजेड आत शिरतोय. ती म्हणाली, "मग दार लाव की." तिला वाटतं, सगळ्या गोष्टींना दार असतं.

२ फेब्रुवारी

मंगळवार पेठेतले सुताचे व्यापारी सिद्धाप्पा आज मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव दाक्षायणी. दुधनीला एक स्थळ आहे. लग्न जुळवणाऱ्या रंभाबाई उद्या दुपारच्या गाडीने तिकडे निघाल्यात आणि त्यांच्याबरोबर फोटो द्यायचा आहे. मी आधीच सांगून टाकलं की माझ्या कॅमेऱ्यात सध्या दोष आहे, नव्या पेठेत दुसऱ्याकडे गेलात तर बरं. सिद्धाप्पा म्हणाले, "तिकडं लई गर्दी असते. आपल्यातल्या मानसाकडं बरं."

मुलीने डावीकडून पदर बराच पुढे ओढला होता. त्याची सावली नाकापर्यंत येत होती. मी म्हणालो, पदर जरा मागे घ्या, चेहरा काळा येईल. तिने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "राहू दे, राहू दे." मी सावलीचं कारण समजावून सांगितलं. ते खाली बघत राहिले. मग तिने स्वतःच पदर मागे घेतला. डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत कोडाचा पांढरा डाग आहे. मी दोरीने अंतर मोजलं, खिडकीची एक फळी लावून घेतली आणि फोटो काढला.

इतकं स्थिर बसणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं. लोक श्वास कोंडतात आणि त्यानेच हलतात. ही नुसती बसली होती.

३ फेब्रुवारी

आजवरचा सर्वांत वाईट फोटो. धुकं नेमकं तिच्या डाव्या गालावर, म्हणजे फोटोत उजवीकडेच, पसरलं आहे. एरवी ते फोटोच्या कडेला असतं, काल मी तिला जरा बाजूला बसवल्यामुळे चेहऱ्यावरच आलं. उजवा गाल, कपाळ, डोळे ठीक, आणि डावा गाल सगळा दुधासारखा.

सिद्धाप्पा सकाळीच आले. मी फोटो दाखवायला लाजत होतो. त्यांनी तो खिडकीपाशी नेला. जवळ धरला, लांब धरला. मग हळूच विचारलं, "हे तुमी मुद्दाम केलं?"

मी म्हणालो, मुळीच नाही, हा कॅमेऱ्याचा दोष आहे, आता लगेच दुसरा काढून देतो.

"नको नको. ह्योच द्या. आनि असलेच आणखी दोन."

जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी होतं. बिघडलेला फोटोसुद्धा माझं मन राखायला त्यांनी घेतला. व्यापाऱ्यांत अशी माणसं थोडी.

१८ फेब्रुवारी

दुकान चालायला लागलं. रंभाबाई दुधनीहून परत आल्यापासून एकेकाला घेऊन येतात. बहुतेक लग्नाच्या मुली. एक देवीचे वण असलेला मुलगा आला, त्याची आई म्हणाली, "त्या दाक्षायणीला बसवलं तसंच ह्याला बसवा." सगळ्यांना त्याच स्टुलावर, त्याच बाजूला बसायचं असतं. एवढ्याशा गावात एका चांगल्या बैठकीची कीर्ती होते, याचं मला नवल वाटलं.

धुक्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मीच प्रत्येकाची माफी मागतो.

आज रंभाबाईंनी विचारलं, "शंकरप्पा, ते पांढरं दुसऱ्या गालावर घेता येतं का? एकीला भाजल्याचा डाग हाय, पन उजवीकडं." मी म्हणालो, बाई, तो दोष आहे, तो माझ्या हातात नाही. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "तसंच म्हणा तुमी सगळ्यांना," म्हणाल्या.

या बाई बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नाही.

२६ फेब्रुवारी

भोक सापडलं.

दाक्षायणी तिच्या आत्याबरोबर अव्वाकडे आली होती. सोमवारी देवळात त्यांची ओळख झाली म्हणे. आत्या आणि अव्वा शेंगाची चटणी कुटत बसल्या. ही पुढच्या खोलीत आली आणि दारात उभी राहून विचारलं, "धुकं येतं कुठून?"

मी तिला भाता दाखवला. कातडं जुनं झालं की घडीच्या कोपऱ्यावर झिजतं, तिथे सुईच्या अग्राएवढं भोक पडलं तरी पुरतं. तिने विचारलं, "म्हणजे ते तुम्हाला नकोच आहे?"

"नकोच. महिनाभर शोधतोय."

"मग नीट शोधू या."

मी आजवर भात्याची डावी बाजूच धुंडाळत होतो. फोटोत धुकं उजवीकडे, फिल्मवर चित्र उलटं पडतं, म्हणजे तिथे ते डावीकडे, म्हणून भोक डावीकडे असणार, असा माझा हिशेब. ती म्हणाली, "आमच्या माजघरात कौलाच्या फटीतून कवडसा येतो तो फटीखाली कुठे पडतो? समोरच्या भिंतीवर पडतो." बरोबर होतं.

ओट्यावर ऊन होतं. मी कॅमेऱ्याची पाठ काढली, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि आत बघत राहिलो. डोळे अंधाराला सरावल्यावर उजवीकडच्या कोपऱ्यात उजेडाचा एक ठिपका दिसला. पण आतून दिसतो तो बाहेरून नेमका कुठे, ते कळेना. मी सांगत गेलो आणि ती बाहेरून भात्याच्या घडीवरून बोट फिरवत गेली. वर, अजून वर, जरा पुढे. आत मला तिच्या बोटाने कातडं दबलेलं कळत होतं. मग एकदम ठिपका गेला. मी म्हणालो, "थांबा, हेच." तिने बोट तिथेच धरून ठेवलं. मी कापडातून बाहेर यायला वेळ लावला, कारण ठिपका खरंच गेला की माझे डोळे दिपले हे पाहायचं होतं. तिने बोट उचललं की उजेड यायचा, ठेवलं की जायचा. असं आम्ही पुष्कळ वेळा करून पाहिलं. खात्री झाली.

अव्वा मुसळ हातात घेऊन माजघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

२८ फेब्रुवारी

सायकलच्या ट्यूबला लावतात ते सोल्यूशन आणलं, त्यात अव्वाच्या डबीतलं काजळ खललं आणि पातळ कातड्याचा तुकडा भोकावर आतून बसवला. आजचा फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ आहे. समोरच्या भिंतीवरच्या गोवऱ्यासुद्धा मोजून घ्याव्यात.

फार बरं वाटलं. दाक्षायणीला कळवायला हवं.

८ मार्च

देवीचे वण असलेल्या मुलाची आई आज नवा फोटो परत करून गेली. फोटो सुरेख आला होता. ती म्हणाली, "ह्यात सगळं दिसतंय." मी म्हणालो, फोटोत दिसायलाच हवं. ती म्हणाली, "तुमास्नी पोरं न्हाईत, म्हणून."

संध्याकाळी रंभाबाई आल्या. "ते बुजवलंत का?"

"बुजवलं."

त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ज्या मुलीच्या अंगावर काही आहे तिला बघायला आधी फोटो जातो. फोटोवर होकार आला की मग पुढचं बोलणं रेटता येतं. दुधनीचा होकार आला आहे. साखरपुडा चैत्रात. मुलगी बघायला माणसं येतील तेव्हा पदर असेल, संध्याकाळची वेळ असेल, बाकी सिद्धाप्पा सांभाळतील.

त्या गेल्यावर मी दाक्षायणीची निगेटिव्ह काढली आणि खिडकीशी धरून पाहिली. गालावर डाग नाही. एका बाजूची सगळी कातडीच निगेटिव्हवर काळी, म्हणजे फोटोत पांढरी आहे, त्यात तो विरून गेला आहे. महिनाभर ही निगेटिव्ह माझ्याजवळ आहे आणि मला फक्त धुकं दिसत होतं. डाग नाहीसा झाला आहे हे एकदाही दिसलं नाही.

सिद्धाप्पांनी माझा हात का धरला होता ते आता कळलं.

१२ मार्च

सिद्धाप्पांच्या दुकानात गेलो. सुताच्या गठ्ठ्यांमागे बसून बोललो. म्हणालो, तो फोटो खोटा आहे, दुधनीला खरा पाठवायला हवा, माझ्याकडून आता चांगला निघेल.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी आधीच सांगितलं होतं दोष हाय म्हणून. मी ऐकून घेतलं. तुमचं काम तितं संपलं, शंकरप्पा."

"पण लग्नानंतर त्यांना कळेलच."

"आधी कळलं तर मोडतंय. नंतर कळलं तर निभतंय. मला दोन्ही ठाऊक हाय." मग म्हणाले, "तीन ठिकाणचे बघून गेले. चहा घेतला, सुपारी घेतली, आनि गेले. ती आत बसून ऐकत होती. तुमी एकदाच ऐकलं असतं तरी असं बोलला नसता."

मी उठून आलो. त्यांचं चुकतंय असं छातीठोक म्हणता येईना. आणि बरोबर आहे असंही वाटेना.

अव्वाला सांगितलं तर ती म्हणाली, "कोडाचं काय एवढं. माझ्या आत्याला होतं. चार लेकरं झाली, एकाला सुदिक न्हाई. हुशार हाय ती पोरगी. आपल्यातलीच की." मी म्हणालो, प्रश्न फोटोचा आहे. ती पाटावरून उठून गेली.

२० मार्च

दाक्षायणी आत्याला घेऊन आली. आत्या अव्वाजवळ आत गेली. ही सरळ स्टुलावर बसली, पदर खांद्यामागे टाकला आणि म्हणाली, "माझा फोटो काढा. मागचा माझा नव्हता."

मी विचारलं, वडिलांना माहीत आहे का. ती म्हणाली, "कळेल. मी दुधनीला स्वतः पाठवणार आहे. मोडलं तर मोडलं. आयुष्यभर तिन्हीसांजेला बसून राहायचं का मी?"

मी कॅमेरा उघडला. आज शटर आळसावल्यासारखं वाटलं. दाबलं की एरवी टिचकी वाजते, आज आवाज लांबला. पुन्हा पुन्हा काढून घेतलं. ती तशीच बसून होती, कंटाळली नाही. मधेच म्हणाली, "तुम्ही मला इतक्या वेळा बघितलंत. एवढं जवळून कोणी बघितलं नसेल. तुम्हाला कशी वाटते मी?"

मी म्हणालो, "डावीकडून उजेड जरा जास्त येतोय. खिडकीला धोतर लावलं की बरं दिसेल."

ती थोडंसं हसली आणि म्हणाली, "लावा मग धोतर."

धोतर लावल्यावर उजेड खरंच चांगला झाला.

२१ मार्च

सगळ्या निगेटिव्ह काळ्याकुट्ट. शटर उघडं राहत होतं.

विजापूर वेशीजवळ इसूफभाईचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याने डोळ्याला भिंग लावून शटर उघडलं आणि चिमट्याने एक पातळ पाकळी उचलून माझ्यासमोर धरली. तिला गुळासारखं काहीतरी लागलं होतं.

"तेल किसने डाला?"

मीच. गेल्या महिन्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं, नीट चालावं म्हणून.

"हे पत्तियाँ सूखीच चलतीं, शंकरभाई. इनको तेल नको. धूल बैठी, तेल जमा, खलास." त्याने सगळ्या पाकळ्या पेट्रोलमध्ये टाकल्या. मी म्हणालो, लवकर पाहिजे, चैत्राच्या आत. त्याने भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "फोटो किसका है?"

"सिद्धाप्पांच्या मुलीचा."

"वही, जिसने सुराख ढूँढा?"

मी त्याला ते सांगितलं होतं हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"वही," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि कामाला लागला.

२८ मार्च

शटर परत आलं. टिचकी कशी खणखणीत वाजते. दाक्षायणी सकाळीच आत्याला घेऊन आली. ऊन अजून कोवळं होतं, खिडकीला धोतर होतंच. मी अंतर मोजलं आणि काढला. या वेळी काही विचारलं नाही तिने.

उन्हाळा लागला आहे. साध्या पाण्यात फिल्म धुतली तर वरचा थर सुटतो, म्हणून माठातलं पाणी घेतलं. दुपारपर्यंत फोटो वाळला, तोवर त्या दोघी अव्वाकडे बसल्या. मी आजवर काढलेला हा सर्वांत चांगला फोटो आहे. डाग स्वच्छ दिसतो, त्याची कड नकाशातल्या नदीसारखी वळत जाते. आणि डोळे असे आलेत की कुठूनही पाहिलं तरी आपल्याकडे बघतात.

तिने फोटो हातात घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला. म्हणाली, "घरात आरसा आहे, पण आरशात मी डागच बघते. हिच्याकडे बघताना डाग शेवटी दिसला." मग माझ्या टेबलाशी बसून दुधनीचा पत्ता लिहिला. फोटोच्या पाठीवर मी दुकानाचा शिक्का मारला.

दोघींना पोचवून अव्वा परत आली. म्हणाली, "पाकीट गेलं का टपालात?"

"आता जाताना टाकतील."

"अजून कोपऱ्यावर असतील. पळत गेलास तर गाठशील."

"कशाला? पत्ता बरोबर आहे."

अव्वा रात्री जेवली नाही. उन्हाने तिची भूक मेली असावी.

६ एप्रिल

सिद्धाप्पा आले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"दुधनीहून निरोप आलाय. साखरपुडा थांबवा म्हणतात. पोरीनं मला सांगितलं, तिनंच फोटो पाठवला. मी तिला काय बोलू? घरी दोन दिवस चूल नीट पेटली न्हाई."

मी उभा होतो.

"तुमी तिला उजेडात बसवलं, शंकरप्पा. आता तिला कोन घेतंय, ते पन तुमीच सांगा."

ते उत्तरासाठी थांबले. खरंच थांबले होते, माझ्या तोंडाकडे बघत. माजघरात अव्वाच्या बांगड्यांचा आवाज होत होता तोही बंद झाला. मी म्हणालो, "फोटो चांगला आला होता. त्यात माझी काही चूक राहिली नाही."

सिद्धाप्पांनी मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेले. म्हातारे दिसले.

अव्वा बाहेर आली. "उत्तर सोपं हुतं," म्हणाली.

"काय उत्तर?"

ती पुन्हा आत गेली. हल्ली तिचं काही कळत नाही.

१४ एप्रिल

आज एक विलक्षण गोष्ट झाली. दुपारी एक उंच, काळासावळा माणूस आला, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. "ह्यो शिक्का तुमचाच की?" त्याने टेबलावर दोन फोटो ठेवले. दाक्षायणीचा फेब्रुवारीतला आणि हा नवा.

तोच दुधनीचा नवरामुलगा. नाव गुरुपाद. त्यांची तिथे धान्याची अडत आहे. घरात कोणाला न सांगता सकाळच्या गाडीने आला होता.

"घरात सगळी मोडा म्हनतेत. मी म्हटलं, बघून तरी येतो. आधी तुमच्याकडं आलो. ह्यातला खरा कुठला?"

"दुसरा."

"मग ह्यो पहिला कसा काय?"

"भात्याला भोक होतं." मी कॅमेरा काढला, ठिगळ दाखवलं, उजेड कसा तिरपा येतो ते सांगितलं. त्याला यंत्राची आवड दिसली, नीट ऐकत होता. भोक कसं सापडलं तेही सांगितलं, तिने बोट कसं धरलं ते. शटर अडकलं तेव्हा ती न कंटाळता कशी बसली, माणसं फोटोला बसताना कशी बदलतात आणि ती कशी बदलत नाही, तेही. मी बराच वेळ बोलत होतो बहुतेक, कारण अव्वाने आणून ठेवलेलं ताक तसंच राहिलं.

तो म्हणाला, "तुमी वळखता की तिला चांगलं."

"पाच-सहा वेळा फोटो काढलाय."

त्याने ताक प्यायलं. पेला खाली ठेवला. "तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत बसला. प्रामाणिक माणूस वाटला, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. मग म्हणाला, "मग मी जाऊ त्यांच्या घरी? तुमी सांगा."

मी म्हणालो, अवश्य जा. घर सोपं आहे, मधल्या मारुतीवरून डावीकडे वळलं की सुताच्या दुकानांची ओळ, शेवटचं दार. ओट्यावर येऊन वाट दाखवली. वळणापर्यंत गेल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. मी हाताने पुन्हा डावीकडे खूण केली.

१६ एप्रिल

लग्न ठरलं. रंभाबाई सांगत आल्या. तो मुलगा सिद्धाप्पांच्या बैठकीत भर दुपारी बसला, म्हणाला खिडकी उघडा आणि मुलीला बोलवा. दोघं सगळ्यांसमोर बोलली. तिने विचारलं, घरच्यांचं काय. तो म्हणाला, घरच्यांना मी बघून घेतो, मला फोटो पाठवणारी बाई पाहिजे. ती हो म्हणाली.

चांगलं झालं. सिद्धाप्पांचा जीव भांड्यात पडला असेल. माझ्या फोटोने एक लग्न मोडता मोडता राहिलं, असंही म्हणता येईल.

अव्वाने आज पोळी केली होती. मला दोन घासांपलीकडे गेली नाही. ऊन फार आहे. काल रात्रीपासून छपराचा पत्रा तापलेलाच आहे.

२ मे

लग्नाचे फोटो मीच काढावेत असा दाक्षायणीचा निरोप आला. सिद्धाप्पा स्वतः सांगायला आले. मागचं काही मनात ठेवू नका म्हणाले. मी म्हणालो, ठेवलं नाही.

अव्वा म्हणाली, "जाऊ नकोस." कारण विचारलं तर म्हणाली, "तुला बरं न्हाई." मला काही झालेलं नाही. आलेलं काम कसं सोडायचं.

१७ मे

लग्न लागलं. मांडवात फार उकाडा होता. मी कॅमेऱ्याचा प्रत्येक भाग आदल्या दिवशी तपासला होता, पुढचा भाग डुगडुगू नये म्हणून दोऱ्याने आवळलासुद्धा.

अक्षतांनंतर दोघांना पाटावर शेजारी बसवलं. बायका मागून म्हणत होत्या, पदर घे गं पुढं. तिने घेतला नाही. मी अंतर मोजायला दोरी घेऊन जवळ गेलो तेव्हा तिने हळू आवाजात विचारलं, "आज शटर अडकणार नाही ना?"

"नाही. इसूफभाईने नीट केलंय."

"नक्की?"

"नक्की."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग समोर पाहिलं आणि म्हणाली, "मग काढा."

मी काढला.

१९ मे

सगळे फोटो आले. एकही वाया गेला नाही. माठाचं पाणी गार होतं, थर कुठे सुटला नाही. धुकं नाही, हलल्याची रेघ नाही. बाशिंगातले मणी वेगळे वेगळे दिसतात. कॅमेरा घेतल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. मी खूष व्हायला हवं.

तरी काहीतरी चुकलं आहे असं वाटतं. पाटावरचा फोटो भिंग लावून पाहिला, कडेपासून कडेपर्यंत. पुन्हा एक प्रत काढली, उजेड जरा कमी देऊन. मग जास्त देऊन. दोष दिसत नाही, पण फोटोकडे बघवत नाही. छापलेल्या प्रती पाकिटात भरायच्या राहिल्या आहेत.

दुपारी कॅमेरा घेऊन इसूफभाईकडे गेलो. म्हणालो, यात अजून काहीतरी बिघाड आहे, बघ. त्याने शटर उघडलं, सगळ्या वेगांवर चालवलं, कानाशी धरून ऐकलं. भाता उन्हात धरला. रुळांवरून पुढचा भाग सरकवला. मी आणलेला लग्नाचा फोटो हातात घेतला आणि तो मात्र फार वेळ पाहिला.

"इसमें कुछ नहीं है, शंकरभाई. मशीन एकदम चोख."

मी म्हणालो, असं कसं होईल, मला जाणवतंय ना. नीट बघ.

त्याने दुसरं काही विचारलं नाही. कॅमेरा मिटला, मऊ कपड्याने पुसला आणि बाजूला ठेवला. समोर एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन उभं होतं, त्याला उद्या ये म्हणाला. मग दुकानाची अर्धी फळी लावली आणि मला म्हणाला, "बैठो."

मी बसलो. संध्याकाळच्या पाळीचा भोंगा झाला तरी आम्ही तिथेच होतो.